तिसाच्या एक रेघ अलीकडे

मित्रांनो, या, असे जवळ सरका. अजून थोडे. माझा आवाज मोठा नाही; टायरमधून हवा निसटताना होतो तेवढाच, नुसता 'फुस्'. म्हणून जवळ बोलावतो आहे. एक गोष्ट सांगतो. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ज्या बाईसाठी ती सांगतो आहे, ती बाई फार गोड होती. तेव्हा तिच्यासाठी म्हणून शेवटपर्यंत ऐका.

मी एक जुना काटा आहे. पायात रुततो तो नव्हे, आणि वाण्याच्या दुकानातला वजनाचाही नव्हे. मी हवेचा काटा. गॅरेजवाले मला गेज म्हणतात. आमच्या घरात मात्र मी पहिल्यापासून काटाच. एक गोल पितळी डबी, तिच्यावर काच, काचेखाली पांढरी तबकडी, आणि तबकडीवर थरथरणारी एक काळी सुई. खाली आखूड मान. ती मान चाकाच्या व्हॉल्व्हवर दाबली की आतली हवा माझ्या पोटात शिरते, सुई उठते आणि जिथे थांबायचे तिथे थांबते. तबकडीवर दहा, वीस, तीस, चाळीस असे दहा-दहाचेच आकडे आहेत. मधल्या साऱ्या नुसत्या रेघा. ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढे सगळे तिच्यावरच येऊन अडणार आहे.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसायची. तिचे हात गार असायचे. ती प्रत्येकाला एकाच नळीवर लावायची आणि बघायची, खरे बोलतो का. माझ्या शेजारचा भाऊ एका रेघेने खोटे बोलला. चकाकत होता अगदी माझ्यासारखाच, पण तिने त्याला उचलून भंगाराच्या पिंपात टाकले. मला लावले, बघितले आणि पुठ्ठ्याच्या डबीत ठेवले. त्या पिंपातला आवाज मी विसरलो नाही. डबीच्या अंधारात मी देवाला एवढेच म्हणालो, "देवा, तू मला जीभ दिली नाहीस, सुई दिलीस. तिला खोटे बोलू देऊ नकोस."

देवाने माझे ऐकले. पण मित्रांनो, खरे बोलणाऱ्याचे खरे ऐकायलाही कुणी लागते. ते मागायचे माझ्या लक्षातच आले नाही.

मला विकत घेतले आबांनी. आबा टॅक्सी चालवत. चार-चार दिवस घराबाहेर असत. सकाळी टॅक्सी काढायच्या आधी, चाके गार असताना, ते मला एकेका व्हॉल्व्हवर दाबत. दुसरे टॅक्सीवाले थट्टा करत, "काय आबा, गाडीचा ताप बघताय?" आबा म्हणत, "ताप यायच्या आधी बघतोय. चाकं धावून आली की तापतात, आतली हवा फुगते, मग हा काटासुद्धा फुशारक्या मारायला लागतो." मग ते मला सदऱ्याला पुसून समोरच्या कप्प्यात ठेवत. ते माझे सुखाचे दिवस. आबांना एकच मुलगा. ते सदा रस्त्यावर, बायको लवकर गेलेली, म्हणून मुलाला वसतिगृहाच्या शाळेत ठेवावे लागले. तिथे सारे इंग्रजीत, पाढेसुद्धा. मुलगा शिकला, नोकरीला लागला, घरी परतला, लग्न झाले. घरात सून आली.

ही सून सुईण होती. आमच्या वस्तीत आणि आसपासच्या चार वस्त्यांत कुणाची वेळ भरत आली की हिला बोलावणे यायचे. तिने कामासाठी एक छोटी जुनी गाडी घेतली. आबांनी तोवर टॅक्सी सोडली होती, कारण त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. समोरचे माणूस त्यांना नुसते सावलीसारखे दिसे. पण गाडी दारात आली त्या दिवशी म्हाताऱ्याच्या अंगात वारे संचारले. मला ट्रंकेतून काढून म्हणाले, "सूनबाई, चल, तुझ्या गाडीला जेवायला काय लागतं ते बघू."

ती टायराजवळ वाकून म्हणाली, "आबा, इथंच लिहिलाय की आकडा. चव्वेचाळीस."

"तो टायरचा दम आहे गं, गाडीची भूक नव्हे! माणूस जास्तीत जास्त किती खाऊ शकेल ते पोटावर लिहिलंय, म्हणून रोज तेवढं वाढतेस का त्याला?"

"तुमच्या मुलाला वाढते."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "तुझ्या बाजूचं दार उघड. दार मिटतं त्या खांबावर एक कागद चिकटवलेला असेल. गाडी बनवणाऱ्यानं गाडीचं वजन बघून आकडा ठरवलेला असतो, तो तिथं सापडेल. दिसला?"

"दिसला. पुढं एकोणतीस, मागंही एकोणतीस. माणसं भरली तर मागं थोडी जास्त."

"बस्स. तू एकटी जाणार. चारी चाकांना एकोणतीस. तिसाच्या एक रेघ अलीकडे. तिसाला टेकायचंसुद्धा नाही."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्या दोघांचा हा नेमच झाला. ती पायपंप मारायची, मला लावायची आणि मोठ्याने सांगायची. आबा पायरीवर बसून ऐकायचे. कमी असली तर भरायची, जास्त झाली तर फुस् करून सोडायची, आणि शेवटी व्हॉल्व्हच्या टोप्या बोटांनी घट्ट फिरवायची. "एकोणतीस, आबा." "एकोणतीस, सूनबाई." प्रार्थनेत एकाने ओळ म्हणावी आणि दुसऱ्याने मागून धरावी तसे ते चालायचे. आबांची नात चिमी तेव्हा अंगणात दोरीच्या उड्या मारत असे. मी रेघेवर स्थिर उभा राहायचो. दोन माणसांना आपल्यामुळे एवढे समाधान मिळते, याहून एखाद्या काट्याला दुसरे काय हवे?

पुढे एकदा फाटकाला घासून गाडीचे दार आणि खांब खरवडले गेले. रंगाऱ्याने झटपट काम केले. त्या कागदावरूनच रंग फासला. सूनबाई हळहळली. आबा म्हणाले, "असू दे. आकडा आपल्या तोंडात आहे." आकडा दोघांच्या तोंडात राहिला आणि दारावरून कायमचा गेला. तेव्हा कुणालाच त्यात वावगे दिसले नाही. मलाही नाही.

मग तो रविवार आला. सूनबाई पहाटेच एका बाळंतिणीकडे गेली होती, शेजारच्या गाडीवाल्याबरोबर. जाताना नवऱ्याला सांगून गेली, "अहो, आज तेवढी हवा तुम्ही बघा. आबा सांगतील."

मुलगा पंप घेऊन अंगणात आला तो कपाळाला आठ्या घालूनच. आबा पायरीवरून म्हणाले, "एकोणतीस हं. चारी चाकांना."

"हो हो, कळलं."

मित्रांनो, त्याला कळले नव्हते. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. ज्या वयात बाप बोटे मोडून आकडे शिकवतो, त्या वयात त्याचा बाप दूर कुठे तरी टॅक्सी हाकत होता. मराठी आकडे त्याने बाजारात, बसमध्ये, येता-जाता उचललेले. एकोण म्हणजे नऊ, असे काहीसे डोक्यात बसलेले. तेव्हा एकोणतीस म्हणजे तीस आणि वर नऊ. थर्टी-नाइन. त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती.

त्याने मला पहिल्या चाकाला लावले. मी अठ्ठावीस दाखवले. तो दचकला. "बाप रे, आबा! चाकं पार बसलीत की! तुम्हा दोघांचं लक्ष असतं कुठं?"

"बसलीत? गेल्या रविवारी तर ठीक होती."

"तुम्हाला काय दिसतंय ठीक आहे की नाही ते!"

हे तो रागाने म्हणाला नाही, घाम पुसता पुसता म्हणाला. पण आबांचा चेहरा मी बघितला. त्यांनी काठी जवळ ओढून घेतली.

पंप सुरू झाला. माझी सुई तिसावर आली, तीस ओलांडून गेली, पस्तीस ओलांडून गेली. मी थरथरलो. अहो, थांबा! पण माझ्यापाशी आहे काय? एक सुई आणि एक फुस्. मी खरे तेच दाखवत होतो, आणि बघणारा खरे तेच बघत होता. सुई चाळिसाच्या एक रेघ अलीकडे आली तेव्हा तो समाधानाने म्हणाला, "झालं. एकोणतीस."

"एकोणतीस," आबा म्हणाले.

दोघांच्या तोंडी शब्द एकच होता.

चारही चाके झाल्यावर आबा काठी टेकत उतरले आणि पुढच्या टायरवर बोटाच्या पेरांनी ठक्ठक् केले. "जरा टणक वाटतंय रे."

"आबा, तुमचाच काटा सांगतोय. की आता बोटांनी मोजणार?"

आबांनी बोटे मागे घेतली. "काटा सांगतोय तर बरोबर असेल," ते म्हणाले.

माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. तो क्षण अजून माझ्या पोटात हवेसारखा कोंडून राहिला आहे.

सोमवारी संध्याकाळी सूनबाई कामावरून आली ती म्हणतच आली, "आबा, गाडी आज चेंडूसारखी उडतेय. बारीक खड्डासुद्धा पाठीत लागतो. वळताना तर अशी सरकल्यासारखी वाटते." आबा म्हणाले, "सकाळी चाकं गार असताना काटा लावू आपण." पण सकाळी तिला पुन्हा बोलावणे आले. आबा मला घेऊन दारात उभे होते. तिने मला त्यांच्या हातातून घेतले आणि कप्प्यात टाकले.

"आल्यावर लावू, आबा. पहिलटकरीण आहे, फार घाबरलीय."

"हळू जा गं."

"हळूच जाते. मी घाईत पोचून बाळ काही घाईत येत नाही."

मित्रांनो, ती खरेच हळू चालली होती. मी तिथेच होतो, तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणत होती. कालव्याच्या वळणावर रस्ता दुरुस्त करणाऱ्यांनी बारीक खडी पसरून ठेवली होती. वळणावर एक कुत्रे आडवे आले. तिने ब्रेक दाबला. हवा ठीक असती तर टायरने पसरट तळव्याने रस्ता धरला असता. पण हवा कोंबून फुगवलेली चाके नुसत्या मधल्या पट्टीवर टेकलेली होती. ती खडीवरून गोट्यांवरून घसरावीत तशी घसरली. तिने स्टिअरिंग फिरवले, ते मला जाणवले. गाडी वळली नाही. कालव्याचा दगडी कठडा तिच्या बाजूने आत आला.

कुत्रे वाचले. पलीकडच्या वस्तीत त्या पहिलटकरणीने वाट बघितली आणि शेवटी शेजारणींच्या मदतीने मोकळी झाली; बाळ सुखरूप होते. आमची सूनबाई दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचली नाही.

माझी काच तडकली होती. मी कप्प्यात पडून होतो आणि गाडी क्रेनने उचलून गॅरेजच्या मागच्या आवारात नेऊन टाकली होती. त्या दिवसांत घरात काय झाले ते मला नंतर, आबा आणि चिमी यांच्या बोलण्यातून कळले. लोक भेटायला येत होते. शेजारच्या शिंपीणकाकू डोळ्याला पदर लावून म्हणत, "सदा धावपळ हो तिची. घाईनंच घात केला." कुणी म्हणे, बाईमाणसाने एवढी सुसाट गाडी हाकू नये. आणि सगळ्यांत जास्त वेळा म्हणे तिचा नवरा, भिंतीला डोके टेकून, "किती वेळा सांगितलं होतं तिला, हळू चालव म्हणून. लेकीचा तरी विचार करायचा होता." चिमी दाराआडून हे ऐकायची. एका संध्याकाळी तिने आबांना विचारले, "आबा, आईला आपल्यापेक्षा घाई जास्त आवडायची का?"

हा प्रश्न आबांना बाणासारखा लागला. पोरगी आयुष्यभर असे समजून राहिली तर? आई एकदा गेलीच होती. आता ती दुसऱ्यांदा जात होती, रोज थोडी थोडी, लोकांच्या तोंडून. दुसऱ्या सकाळी ते मुलाला म्हणाले, "माझा काटा गाडीत राहिलाय. मला गॅरेजमध्ये ने." मुलाला वाटले, म्हातारे माणूस दुःखात काहीतरी धरून बसले आहे. तो त्यांना आणि चिमीला घेऊन आला.

चिमीने कप्पा उघडून मला बाहेर काढले. आबांनी माझ्या तडकलेल्या काचेवरून अंगठा फिरवला. मग गाडीला धरत धरत ते मागच्या चाकापाशी गेले. पुढचे एक चाक फाटले होते, पण ही मागची दोन धड होती. त्यांनी पेरांनी ठक्ठक् केले, आणि माझी मान व्हॉल्व्हवर दाबली. "चिमे, बघ गं. किती?"

चिमीने डोळे बारीक करून बघितले. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे रेघा मोजल्या. "एकोणतीस, आबा!" ती म्हणाली. तिला वाटले, आजोबा आता खूश होतील.

"एकोणतीसची चाकं अशी दगड नसतात." आबांनी मान हलवली. "आपटून काटा बिघडला असेल."

गॅरेजवाला शेजारीच उभा होता. त्याने आपला गेज लावून बघितला. "बिघडला नाही, आबा. माझाही तिथंच येतोय."

"तिथंच म्हणजे कुठं?" आबांनी मला पुन्हा व्हॉल्व्हवर दाबले. "चिमे, नीट सांग. सुई तिसाच्या अलीकडे आहे की पलीकडे?"

"पलीकडे."

"किती पलीकडे?"

"खूप. चाळीसला लागलीच आहे, एकच रेघ राहिलीय."

आबा मला व्हॉल्व्हवर तसेच दाबून राहिले. मग हळूच म्हणाले, "बाळा, हे एकोणचाळीस. एकोणतीस तिसाच्या आधी येतं. तिसाला एक कमी."

"नाही आबा," चिमी म्हणाली, "बाबांनी सांगितलंय मला. एकोणतीस म्हणजे थर्टी-नाइन. हो ना, बाबा?"

बाबा मागे उभे होते. सूनबाईची पर्स गाडीत सापडली होती, ती त्यांच्या हातात होती. ती हातातून पडली. त्यांनी ती उचललीच नाही. ते तिथेच, तेलाच्या डागांत, मटकन खाली बसले आणि मागच्या चाकाला कपाळ लावले. मी अजून व्हॉल्व्हवर होतो. त्यांचे हुंदके टायरमधून माझ्या सुईपर्यंत येत होते.

आबांनी चाचपडत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आकडे तुला मी शिकवायचे होते," एवढेच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी घरात पुन्हा माणसे जमली होती. शिंपीणकाकूंनी पदर डोळ्याला लावून सुरुवात केली, "काय ती घाई..." तेव्हा मुलगा उभा राहिला. तो काही न बोलता गप्प राहिला असता, तर त्याला कुणी दोष देणार नव्हते. आबा बोलले नसते, मी तर मुकाच, आणि चिमीला उद्या विसरायला लावता आले असते. पण त्याने चिमीला समोर घेतले, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "ती घाईत नव्हती, काकू. गाडीत हवा मी भरली होती. मी चुकीची भरली. इथून पुढे माझ्या लेकीसमोर घाई हा शब्द कुणी काढायचा नाही."

शिंपीणकाकू उठल्या, पदर खोचला आणि सगळ्यांसाठी पाणी आणायला आत गेल्या.

त्यानंतर त्या घरात गाडी आली नाही. मुलगा पायी कामाला जातो, येतो, जेवतो. हसताना मी त्याला पाहिलेले नाही. आबा दिवसभर पायरीवर बसतात आणि रविवारी सकाळी त्यांचे ओठ हलतात. समोरून उत्तर येत नाही. मी दाराच्या खिळ्याला टांगलेला असतो. काचेच्या तड्यातून ओल आत गेली, पितळ हिरवे पडले, सुई आता शून्यावरही नीट बसत नाही. आता मी खोटे बोलेन. मला कुठल्याही चाकाला लावू नका.

फक्त चिमी मला कधी कधी काढते, आबांच्या शेजारी बसते आणि रेघांवरून बोट फिरवते. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. प्रत्येक वेळी बोट दहाच्या आकड्यापाशी नेते आणि एक रेघ मागे घेते.

मित्रांनो, एक पितळी डबी तुम्हाला काय शिकवणार! पण तुमच्या घरात गाडी असेल, तर उद्या सकाळी, ती निघायच्या आधी, चालकाचे दार उघडून खांबावरचा कागद शोधा. नसला तर गाडीच्या पुस्तकात बघा. आकडा नुसता तोंडात ठेवू नका, आणि दुसऱ्याने "हो, कळलं" म्हटले म्हणजे त्याला कळले, असे धरून चालू नका. अलीकडे की पलीकडे, एवढे त्याला विचारा. विचारायला दमडी पडत नाही.

आणि हे सगळे विसरलात तरी चालेल. पण कालव्याच्या वळणावर गेलेली आमची सुईण लक्षात ठेवा. कुणी तुमच्यासमोर म्हणाले की ती सुसाट चालली होती, तर तुम्ही सांगा की नाही, ती हळू चालली होती आणि गुणगुणत होती. काटा तिथे होता, आणि तो कधी खोटे बोलत नसे.